एक वाटा किती?

मित्रांनो, आजची सुरुवात एका गणिताने करू या. पान उलटू नका, दोनच ओळींचं आहे.

एका कॉलेजात मुलगे आणि मुली यांचं गुणोत्तर ५:४ आहे. तर मुली किती?

‘अर्धंच गणित दिलंय,’ असं तुम्ही म्हणाल आणि ते बरोबर आहे. राहिलेलं अर्धं आता तीन तऱ्हांनी देतो. एका पेपरात लिहिलंय, ‘एकूण विद्यार्थी १८० आहेत.’ दुसऱ्या पेपरात, ‘मुलगे १८० आहेत.’ तिसऱ्या पेपरात, ‘मुलगे मुलींपेक्षा १८० ने जास्त आहेत.’ गुणोत्तर तेच, १८० हा आकडाही तोच. उत्तरं मात्र तीन निघतात. पहिल्यात मुली ८०, दुसऱ्यात १४४ आणि तिसऱ्यात थेट ७२०.

अभ्यासिकेत शेजारी बसलेल्या मित्राला हे तिन्ही प्रश्न घालून बघा. घाईत असेल तर तो तिन्ही वेळा एकच करेल. ५ आणि ४ ची बेरीज ९, १८० भागिले ९ म्हणजे २०, वीस चोक ऐंशी. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, गुणाकार बरोबर आणि तरी तीनपैकी दोन उत्तरं चूक. आकडेमोडीत कुठेही घोळ नाही. मग मार्क गेले कुठे?

ते गेले वाचण्यात. १८० हा आकडा कशाचा आहे, हे न बघताच पेन चाललं. गुणोत्तराच्या शाब्दिक उदाहरणांत आपली जी दांडी उडते, ती बहुतेक वेळा इथेच उडते. आणि त्याचं खापर मात्र आपण स्वतःच्या डोक्यावर फोडतो. ‘माझं गणितच कच्चं आहे’ असं एकदा म्हणून टाकलं की विषय संपतो. पोलीस भरती, तलाठी, बँक, रेल्वे, सीसॅट, परीक्षेचं नाव कुठलंही असो, ‘गणित सोडून बाकीचं करू’ असा हिशोब मांडून बसलेली मुलं-मुली गावोगावच्या अभ्यासिकांत आहेत. वर्षभर पहाटे उठून ग्राउंड मारायचं, हजार पानांचं सामान्य ज्ञान पाठ करायचं आणि सहावीत शिकवलेल्या एका धड्यापुढे हात टेकायचे! हे पटत नाही. म्हणून आज हा विषय.

कोळणीकडचा वाटा

गुणोत्तर म्हणजे काय, हे समजून घ्यायला मासळी बाजारात चला. कोळीण फळीवर मांदेलीचे वाटे लावून बसलेली असते. आपण विचारतो, ‘मावशी, वाटा कितीला?’ फळीवर पाच वाटे आहेत, हे आपल्याला दिसतंच. पण पाच वाटे म्हणजे मासळी नेमकी किती, हे वाटा केवढा आहे ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. वाटा मोठा असेल तर पाच वाट्यांत पाहुण्यांसकट सगळं घर जेवेल, लहान असेल तर चौघांनाही पुरणार नाही.

गुणोत्तर अगदी हेच करतं. ५:४ म्हणजे मुलग्यांचे पाच वाटे आणि मुलींचे चार वाटे, सगळे वाटे सारख्या आकाराचे. वाटा केवढा, हे गुणोत्तर सांगत नाही. ते सांगायला गणितात आणखी एक संख्या दिलेली असते आणि आपलं काम एवढंच, की ती संख्या किती वाट्यांची आहे ते ओळखायचं.

आता पुन्हा आपल्या कॉलेजात या. ‘एकूण १८०’ म्हणजे नऊ वाट्यांचे १८०, म्हणून एक वाटा २० चा आणि मुलींचे चार वाटे ८०. ‘मुलगे १८०’ म्हणजे पाच वाट्यांचे १८०, वाटा ३६ चा आणि चार वाटे १४४. ‘१८० ने जास्त’ म्हणजे पाच वाटे आणि चार वाटे यांतला फरक, तो एकच वाटा. तो एकटाच १८० चा, म्हणून चार वाटे ७२०. सूत्र कुठलंच नाही. तिन्ही वेळा प्रश्न एकच विचारला, एक वाटा किती?

हा प्रश्न नवा नाही. सहावीत ‘एकमान पद्धत’ या नावाने तो आपल्याला भेटला होता. एका वहीची किंमत काढा, मग सात वह्यांची काढा. तेव्हा ते इतकं सोपं वाटलं, की त्यात शिकण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. पुढे बीजगणितात ‘क्ष’ आला, त्याला k म्हणायचं की x यावर वाद झाले आणि त्या गडबडीत एक साधी गोष्ट सांगायची राहून गेली. ५x आणि ४x मधला तो x म्हणजेच आपला एक वाटा. ‘समजा x मानू’ असं म्हणताना आपण काय मानतोय, हे माहीत असेल तर x ची भीती उरत नाही.

आधी मराठी, मग गणित

‘शाब्दिक उदाहरण’ या नावातच शब्द आधी येतो. आपण मात्र वाक्यातले आकडे तेवढे वेचतो आणि शब्द तिथेच सोडून देतो. खरं तर आकड्यांचं काय करायचं, ते त्याच लहानसहान शब्दांत लिहिलेलं असतं.

‘ने जास्त’ आणि ‘पट’ हेच घ्या. ‘दादाकडे माझ्यापेक्षा ३ ने जास्त पुस्तकं’ आणि ‘दादाकडे माझ्या ३ पट पुस्तकं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं वाक्य फरक सांगतं, दुसरं गुणोत्तर. माझ्याकडे १० असतील तर दादाकडे पहिल्या वाक्यात १३ आणि दुसऱ्यात ३०. तसाच ‘पैकी’. ‘वर्गातल्या मुलगे-मुलींचं गुणोत्तर २:३’ आणि ‘वर्गातल्या दर ३ विद्यार्थ्यांपैकी २ मुलगे’ ही वाक्यं कानाला जवळची वाटतात. पण पहिल्यात एकूण वाटे पाच आहेत, दुसऱ्यात तीन.

‘अनुक्रमे’ या शब्दावर तर कित्येकांची उत्तरं उलटी झाली आहेत. ‘राम व श्याम यांच्या उत्पन्नांचं गुणोत्तर अनुक्रमे ७:५’ असेल तर ७ रामाचे. प्रश्न श्यामचं उत्पन्न विचारतो, आपण रामाचं काढतो, पर्यायांत ते उत्तर दिलेलं असतंच आणि आपण खुशीत गोल काळा करतो. पेपर काढणाऱ्याला आपली घाई चांगली माहीत असते. चुकीचे पर्याय तो हवेतून आणत नाही, आपल्या नेहमीच्या चुकांमधूनच आणतो. त्यामुळे ‘उत्तर पर्यायांत आहे’ ही गोष्ट उत्तर बरोबर असल्याचा पुरावा नाही.

आणखी एक फसवा शब्द म्हणजे ‘उरलेल्या’. ‘पगाराचा एक तृतीयांश भाग घरभाड्यात गेला आणि उरलेल्याचा निम्मा किराण्यात गेला’ यात दुसरा निम्मा पूर्ण पगाराचा नाही, शिल्लक राहिलेल्या दोन तृतीयांशाचा आहे. म्हणजे किराणाही एक तृतीयांशच झाला. हे वाक्य तुम्ही घरी आईला सांगितलं तर ती पेन न उचलता हिशोब करेल, कारण तिला ‘उरलेले’ म्हणजे काय ते दर महिन्याच्या वीस तारखेनंतर चांगलं कळतं!

सांगायचं एवढंच, की गणित सुटत नसेल तर पहिली पायरी पाढे घोकण्याची नाही. ते वाक्य पुन्हा एकदा, शक्य असेल तर ओठ हलवत वाचा आणि स्वतःच्या बोलीत मित्राला सांगा. ‘म्हणजे बघ, याच्याकडे सात वाटे, त्याच्याकडे पाच, आणि दोघांत फरक चार हजारांचा.’ इथवर आलात की दोन वाटे चार हजारांचे हे आपोआप दिसतं.

वाटे सारखे आहेत का?

मोबाईल उघडला की ‘१० सेकंदांत उत्तर’ सांगणारे व्हिडिओ रांगेने उभे असतात. ट्रिकला आमचा विरोध नाही. तीनशे गणितं समजून सोडवलेल्या माणसाच्या हातात ट्रिक म्हणजे धारदार कोयता. पण ऊस कुठला आणि बोट कुठलं, हे ज्याला अजून ओळखता येत नाही, त्याच्या हातात तोच कोयता घातक ठरतो.

एक नेहमीचं उदाहरण बघा. राम आणि श्याम यांच्या रकमांचं गुणोत्तर २:३, श्याम आणि मोहन यांच्या रकमांचं ४:५. तिघांची मिळून रक्कम ३,५०० रुपये. प्रत्येकाची किती? ट्रिक सांगते, ‘तिरपं गुणा, सरळ गुणा, उत्तर ८:१२:१५.’ बरोबर आहे. पण का? श्याम पहिल्या ओळीत तीन वाट्यांचा आहे आणि दुसऱ्या ओळीत चार वाट्यांचा. श्याम तर एकच आहे, त्याचे पैसेही तेवढेच आहेत. याचा अर्थ दोन ओळींतले वाटे सारख्या आकाराचे नाहीत. ते सारखे करायचे तर श्यामला दोन्हीकडे १२ वाटे द्यावे लागतील. मग २:३ चे ८:१२ होतात आणि ४:५ चे १२:१५. आता तिघं एका मापात आले. एकूण वाटे ३५, एक वाटा १०० रुपयांचा. रामाचे ८००, श्यामचे १,२०० आणि मोहनचे १,५००.

हे ‘का’ माहीत असेल तर पेपरात श्यामऐवजी राम दोन्हीकडे आला, किंवा तिघांचे चौघं झाले, तरी आपण अडत नाही. नुसती ट्रिक पाठ असेल तर नावांची जागा बदलली की पायाखालची वाळू सरकते.

वयाच्या गणितांतही असंच आहे. आई आणि मुलगी यांच्या आजच्या वयांचं गुणोत्तर ३:१. बारा वर्षांनी ते २:१ होईल. आजची वयं किती? इथे पहिला प्रश्न विचारायचा, बदललं काय आणि बदललं नाही काय? दोघींची वयं वाढली, गुणोत्तर बदललं. दोघींच्या वयांतला फरक मात्र जन्मभर तोच राहतो. आज तो फरक दोन वाट्यांचा आहे, बारा वर्षांनी एका वाट्याचा. म्हणजे तेव्हाचा एक वाटा आजच्या दोन वाट्यांएवढा. मुलगी आज एक वाटा आहे, तेव्हा आजच्या मापाने दोन वाटे असेल. तिचा एक वाटा वाढला तो या बारा वर्षांत. म्हणून आजचा वाटा १२ चा, मुलगी १२ वर्षांची आणि आई ३६ ची. बारा वर्षांनी २४ आणि ४८, गुणोत्तर २:१. ताळा जुळला.

हा ताळा करायला पाच सेकंद लागतात आणि तो करायची सवय आपल्याला नाही. उत्तरात आई १८ ची आणि मुलगी ६ ची आली, तर आई बाराव्या वर्षी आई झाली असा अर्थ होतो. तेव्हा तरी मनात शंका आली पाहिजे! गणितातली माणसं कागदावरची असली तरी त्यांना माणसांसारखं बघितलं की अर्ध्या चुका आपोआप पकडल्या जातात.

‘पण एवढा विचार करायला वेळ कुठे आहे?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पोलीस भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची आणि वेळ ९० मिनिटं. एका गुणाच्या वाट्याला ५४ सेकंद येतात. (बघा, इथेही वाटाच आला.) सुरुवातीला समजून गणित करायला दोन-तीन मिनिटं लागतील, हे खरं आहे. पण वाटा कुठे लपलाय ते डोळ्यांना सवयीने दिसायला लागलं की तेच गणित अर्ध्या मिनिटात होतं. पाठ केलेली ट्रिक मात्र परीक्षेच्या धडधडीत नेमकी अर्धी आठवते आणि तेव्हा ५४ सेकंद ‘वर होतं की खाली होतं’ यातच जातात.

परीक्षा संपली तरी

समजा, तुम्हाला कुठलीच भरती द्यायची नाही. तरी गुणोत्तरातून सुटका नाही, कारण पैशांची वाटणी कुणालाच चुकलेली नाही.

तीन मित्र नाश्त्याची गाडी टाकतात. पहिल्याने ३०,००० रुपये घातले आणि ते वर्षभर ठेवले. दुसऱ्याने ४०,००० घातले, पण सहा महिन्यांनी अडचण आली म्हणून काढून घेतले. तिसऱ्याने २०,००० वर्षभर ठेवले. वर्षाअखेर नफा झाला ६३,०००. आता वाटणी कशी करायची? दुसरा म्हणतो, ‘भांडवल ३:४:२ होतं, तसंच वाटा.’ तसं केलं तर त्यांना अनुक्रमे २१,०००, २८,००० आणि १४,००० मिळतात. पहिला म्हणतो, ‘तुझे पैसे निम्मंच वर्ष होते.’ पैसा गुणिले महिने धरले तर ३,६०,०००, २,४०,००० आणि २,४०,०००, म्हणजे ३:२:२. मग वाटण्या होतात २७,०००, १८,००० आणि १८,०००. दुसऱ्याच्या हिश्श्यात थेट १०,००० चा फरक पडला.

पुस्तकातली भागीदारीची गणितं दुसऱ्या पद्धतीने सुटतात आणि ती पद्धत न्यायाची वाटते. पण खऱ्या गाडीवर तिसरा मित्र म्हणू शकतो, ‘पहाटे पाचला कांदे मी चिरत होतो, त्याचे काय?’ तोही चुकीचं बोलत नाही. त्याच्या कष्टाचा वाटा या गुणोत्तरात धरलेलाच नाही. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गुणोत्तर ठरल्यावर पैसे चोख वाटून देणं हे गणिताचं काम आहे. कुठलं गुणोत्तर धरायचं, हे मात्र माणसांनी ठरवायचं असतं आणि ते गाडी सुरू करण्याच्या आधी, कागदावर ठरवायचं असतं. ‘आपल्यात कसला हिशोब’ म्हणत सुरू झालेल्या कितीतरी दोस्त्या पहिल्या नफ्यालाच मोडतात. अशा वेळी ज्याला हिशोब मांडता येत नाही, तो एक तर गप्प बसतो किंवा आवाज चढवतो. दोन्ही वेळा नुकसान त्याचंच होतं.

शेतकऱ्यांच्या घरातल्या मुला-मुलींनी ‘दहा सव्वीस सव्वीस’ हे नाव ऐकलेलंच असेल. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असं छापलेलं असतं आणि ते हुबेहूब गुणोत्तरासारखं दिसतं. मग आपण शिकल्याप्रमाणे करू, एकूण वाटे ६२ आणि पोतं ५० किलोचं, म्हणून नत्र साधारण ८ किलो. चूक! ते आकडे शंभरातले आहेत. शंभर किलो खतात नत्र १०, स्फुरद २६ आणि पालाश २६ किलो. म्हणून ५० किलोच्या पोत्यात ते ५, १३ आणि १३ किलो भरतात. तिघांची बेरीज ३१ किलो झाली, उरलेल्या १९ किलोंत ही तीन अन्नद्रव्यं धरलेली नाहीत. पिकाला एकरी किती नत्र द्यायचं, याचा हिशोब मांडताना ५ च्या जागी ८ धरले तर शेताला कमी खत मिळेल आणि खताच्या दुकानात ते कुणी सांगणार नाही. म्हणून दोन ठिपक्यांचं चिन्ह दिसलं की लगेच बेरीज करू नये. आधी विचारायचं, हे वाटे एकमेकांच्या तुलनेत आहेत की कुठल्या तरी एकूणाच्या?

हाच प्रश्न एका गंभीर आकड्याला लावून बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचं लिंग गुणोत्तर होतं ९२९, म्हणजे दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया. हा आकडा लोकसंख्येतल्या स्त्रियांची टक्केवारी नाही. एकूण वाटे १,९२९, त्यातले ९२९ स्त्रियांचे, म्हणजे टक्केवारी सुमारे ४८.२. ४८.२ ऐकलं तर ‘जवळजवळ निम्म्या तर आहेत’ असं वाटून आपण पुढे जातो. दर हजारांमागे ७१ कमी, असं ऐकलं की थबकतो. शून्य ते सहा वयाच्या मुलांमध्ये तर तो आकडा ८९४ होता, हजारामागे १०६ मुली कमी. माहिती एकच, पण ती वाट्यांत सांगितली की वेगळी ऐकू येते आणि टक्क्यांत सांगितली की वेगळी. कोण काय सांगतंय आणि कशाच्या तुलनेत सांगतंय, हे ओळखता येणं मतदार म्हणूनही आपल्या कामाचं आहे.

इच्छा आणि फल

ज्याला गणिताचा धाक वाटतो, त्याने एक जुनी गोष्ट ऐकावी. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिला. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापला, याची त्यात नोंद आहे. म्हणजे गणित शिकण्या-शिकवण्याची परंपरा आपल्या अगदी अंगणातली आहे.

‘लीलावती’त त्रैराशिक आहे. तीन राशी माहीत आहेत, चौथी काढायची. ५ किलो कांद्याचे २०० रुपये, तर ८ किलोंचे किती? इथे ५ ला म्हणतात ‘प्रमाण’, २०० ला ‘फल’ आणि ८ ला ‘इच्छा’. फल गुणिले इच्छा, भागिले प्रमाण, उत्तर ३२०. किती सुंदर शब्द आहे बघा, आपल्याला जे हवंय ती इच्छा! पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. प्रमाण आणि इच्छा या दोन्ही राशी एकाच जातीच्या हव्यात, फल वेगळ्या जातीचं, अशी अट भास्कराचार्यांनी घातली आहे. किलोसमोर किलो, रुपयासमोर रुपया. म्हणजे गुणाकाराला हात लावण्याआधी कुठला आकडा कशाचा आहे ते ओळखा. आपण सुरुवातीला १८० बद्दल जे म्हटलं, तेच हे.

त्याच ग्रंथात व्यस्त त्रैराशिकही आहे. इच्छा वाढली की फल घटत असेल, तर रीत उलटी करायची. ताशी ४० किलोमीटरने जाणारी एसटी एक अंतर ५ तासांत कापते, तर ताशी ५० ने किती तास लागतील? सरळ त्रैराशिक लावलं तर सव्वासहा तास येतील. वेग वाढवून एसटी उशिरा पोहोचली, असं कुठे असतं का? अंतर २०० किलोमीटर, म्हणून उत्तर ४ तास. वेगाचं गुणोत्तर ४:५, वेळेचं ५:४. गणित करण्याआधी ‘उत्तर वाढणार की घटणार’ एवढं मनाशी म्हटलं असतं, तरी सव्वासहावर गोल काळा झाला नसता.

मित्रांनो, ‘मला गणित जमत नाही’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. घरातही ते मुलाबद्दल थोडं हळू आणि मुलीबद्दल थोडं मोठ्याने बोललं जातं. ते वाक्य बोलताना आपण काय काय सोडून देतो, त्याची यादी कुणी करत नाही. भरतीतले चार-पाच गुण जातात, जिथे एकेका गुणावर यादी ठरते. आपल्या हिश्श्याबद्दल बोलायची हिंमत जाते. पोत्यावरचा, पगारपत्रकावरचा, कर्जाच्या कागदावरचा आकडा स्वतः तपासायची सवय जाते. दुसरा जो वाटा हातात ठेवेल, तो मुकाट घ्यावा लागतो.

म्हणून या आठवड्यात एक करा. नवा व्हिडिओ, नवं पुस्तक, नवा क्लास काही नको. जुन्या प्रश्नपत्रिकेतली गुणोत्तराची फक्त दहा गणितं घ्या. प्रत्येक गणिताखाली, उत्तर काढण्याआधी, तीन ओळी मराठीत लिहा. तुलना कुणाची कुणाशी आहे? दिलेली संख्या किती वाट्यांची आहे? एक वाटा किती? जिथे काही मिसळलं, वाढलं, घटलं असेल तिथे चौथी ओळ, बदललं नाही ते काय? दहा गणितांना तास लागला तरी चालेल.

आणि जाता जाता एक गणित तुमच्यासाठी. ६० लिटर मिश्रणात दूध आणि पाणी यांचं गुणोत्तर ३:१ आहे. ते ३:२ करायचं असेल तर त्यात आणखी किती लिटर पाणी घालावं लागेल? उत्तर आम्ही छापणार नाही. एवढंच सांगतो, की डब्यातलं पाणी वाढलं, एकूण मिश्रण वाढलं, पण दुधाला कुणी हात लावलेला नाही.